पिंगळ्याची किंमत

काही महिन्यांपूर्वी आमच्या गावातील एका व्याख्यानमालेत प्राचीन ग्रीक नाण्यांवर एक सचित्र व्याख्यान झाले. वक्ते व्यासंगी होते, चित्रे उत्तम होती आणि श्रोतेही बऱ्यापैकी जमले होते. सिराक्यूजचे दशद्राख्मा, म्हणजे दहा द्राख्मांचे रौप्यनाणे, पडद्यावर आले तेव्हा सभागृह खरोखरच निःशब्द झाले. हाताच्या तळव्यात सहज मावणारे ते नाणे पडद्यावर पुरुषभर उंचीचे झाले होते. अरेथूझा या जलदेवतेचे मुख, केसांच्या लाटा, भोवती फिरणारे डॉल्फिन. ही रुप्यात लिहिलेली कविता आहे, असे वक्ते म्हणाले. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने विचारले, "साहेब, या एका नाण्यात त्या काळी माणसाचे किती दिवस भागत असतील?" वक्ते क्षणभर थांबले, हसले आणि अशा नाण्याला अलीकडच्या लिलावात किती डॉलर आले ते त्यांनी सांगितले. सभागृहही हसले. प्रश्नकर्ते खाली बसले.

प्रस्तुत लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. त्या संध्याकाळी नाण्याविषयी विचारला गेलेला प्रश्न तेवढा एकच होता; बाकीचे सारे प्रश्न चित्राविषयी होते. आणि नेमका तोच प्रश्न अरसिक ठरला. ग्रीक नाण्यांकडे चिमुकली शिल्पे म्हणून पाहण्याची जी रीत गेल्या दीड-दोनशे वर्षांत रूढ झाली आहे, ती केवळ अपुरी आहे असे नव्हे, तर ती नाण्यांची हानी करणारी आहे, असे माझे म्हणणे आहे. ती हानी शब्दशः आहे, अलंकारिक नव्हे.

प्रथम त्या रीतीविषयी. चार्ल्स सेल्टमन यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नावच 'ग्रीक नाण्यांतील श्रेष्ठ कलाकृती' अशा अर्थाचे आहे. 'श्रेष्ठ कलाकृती' हा शब्द आला की निवड आली, निवड आली की चौकट आली, आणि चौकट आली की भोवतालचे सारे बाहेर गेले. या दृष्टीची सर्वांत गमतीदार परिणती अमेरिकेत झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ग्रीक नाण्यांच्या उठावाची भुरळ पडली आणि आपल्या देशाचे नाणेही तसेच हवे म्हणून त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांना गळ घातली. १९०७ साली वीस डॉलरचे सोन्याचे नाणे तयार झाले. ते देखणे होते यात वाद नाही. मात्र इतका उठाव आणण्यासाठी एकाच नाण्यावर अनेक वेळा दाब द्यावा लागे, आणि नाणी एकमेकांवर नीट रचता येत नसत. अखेर त्याच वर्षी उठाव कमी करून नाणे सपाट करावे लागले. नाण्याला शिल्प समजून घडवले की ते नाणे म्हणून नापास होते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

आता त्या चित्रांकडे वळू. ग्रीक नगरराज्यांनी नाण्यांवर जे कोरले त्यातले पुष्कळसे 'पाहण्यासाठी' नव्हतेच. ते उच्चारण्यासाठी होते. ऱ्होड्स बेटाच्या नाण्यावर गुलाब आहे, कारण ग्रीकमध्ये गुलाबाला 'ऱ्होडॉन' म्हणतात. सिसिलीतील सेलिनस नगराच्या नाण्यावर रानटी सेलरीचे पान आहे, कारण त्या वनस्पतीचे नाव 'सेलिनॉन'. फोकाया नगराच्या नाण्यावर सील हा जलचर आहे, कारण त्याला 'फोके' म्हणतात. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना येथे श्लेष ओळखता आला पाहिजे. हा गुलाब पाकळ्यांच्या डौलासाठी नाही. तो नगराचे नाव आहे. अक्षर न वाचता येणाऱ्या खलाशालाही तो 'वाचता' येत होता. मेटापोंटमचे जवाचे कणीस, एजिनाचे समुद्री कासव, कॉरिंथचा पंख असलेला घोडा: ही सारी बोधचिन्हे आहेत. एखाद्या कार्यालयाच्या शिक्क्याचे आपण रसग्रहण करीत नाही. तो खरा आहे की खोटा एवढेच पाहतो.

याचा निर्णायक पुरावा अथेन्सच्या नाण्यात आहे. अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे सुमारे सतरा ग्रॅम चांदीचे. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना देवी. दुसऱ्या बाजूस पक्षी, ऑलिव्हची डहाळी, लहानशी चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरे. या पक्ष्याला आपण सरसकट घुबड म्हणतो. वस्तुतः तो आपल्याकडच्या पिंगळ्याचा सख्खा चुलतभाऊ. पक्षिशास्त्रात दोघांचाही वंश एकच आणि त्या वंशाचे नावही अथीना देवीवरूनच पडलेले. म्हणून येथे मी त्याला पिंगळाच म्हणणार आहे.

हे नाणे कलासमीक्षकांना नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये पार्थेनॉन उभे राहत होते, फिडिअससारखा शिल्पकार तेथे काम करीत होता, आणि त्याच शहराच्या नाण्यावर अथीनेचा डोळा मात्र जुन्या वळणाचाच राहिला: चेहरा बाजूने, डोळा समोरून. पिंगळाही तसाच, दशकानुदशके न बदलणारा. शिल्पकलेत जगाला धडे देणारे शहर नाण्याच्या बाबतीत इतके मागास कसे? हा प्रश्नच चुकीचा आहे. ही नाणी इजिप्तपासून सिरियाच्या किनाऱ्यापर्यंत चालत होती. तेथील व्यापाऱ्याला पिंगळा ओळखीचा होता. तो सुधारून दाखवला असता तर व्यापाऱ्याने नाणे परत केले असते. सही कोणी दर वर्षी अधिक सुंदर करीत बसत नाही. इजिप्तमध्ये आणि पूर्वेकडे या नाण्याच्या नकला निघाल्या त्याही पिंगळ्यासकट, कारण विश्वास त्या आकृतीवर बसला होता. म्हणजे ज्याला आपण कलेचा अभाव म्हणतो, तोच या नाण्याचा मुख्य गुण होता.

पण विश्वास हा शब्दही येथे जरा सोज्ज्वळ वाटतो. त्या विश्वासामागे चांदी होती, आणि चांदीमागे लॉरिओन होते.

अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या इ.स.पू. ४१४ मधील प्रहसनात पक्ष्यांचा समूह परीक्षकांना आमिष दाखवतो: आम्हाला बक्षीस द्या, म्हणजे लॉरिओनचे पिंगळे तुमची पाठ सोडणार नाहीत, तुमच्या थैल्यांत घरटी करतील आणि सुट्ट्या नाण्यांची पिले उबवतील. विनोद बाजूला ठेवा आणि विशेषण पाहा. कवी 'अथेन्सचे पिंगळे' म्हणत नाही, 'अथीनेचे पिंगळे' म्हणत नाही; 'लॉरिओनचे' म्हणतो. हजारो प्रेक्षकांसमोर उच्चारलेला हा शब्द सर्वांना कळत होता. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला नाण्यावरचा पक्षी दिसला की खाण आठवत होती. आपल्याला आठवत नाही, आणि या न आठवण्यालाच आपण रसिकता म्हणतो.

लॉरिओन अथेन्सच्या आग्नेयेस, अ‍ॅटिका प्रांताच्या टोकाला आहे. तेथील खडकात शिसे आणि चांदी यांचे मिश्रण असलेले खनिज सापडते. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा हाती आला. हिरोडोटस सांगतो की हा पैसा प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा याप्रमाणे वाटून टाकण्याचा विचार होता, पण थेमिस्टोक्लीझने लोकांना जहाजे बांधायला राजी केले. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या समुद्रात पर्शियन आरमार त्या जहाजांनी परतवले. शाळेच्या इतिहासात ही गोष्ट येथे संपते. ती चांदी कोणी काढली, हे शाळेच्या इतिहासात येत नाही.

ती काढली गुलामांनी. लॉरिओनचे बोगदे आजही पाहता येतात; त्यांतले कित्येक मीटरभरही उंच नाहीत. माणूस त्यात उभा राहू शकत नाही, वाकूनही नीट चालू शकत नाही. रांगत किंवा आडवे पडून, तेलाच्या दिव्याच्या उजेडात छिन्नी-हातोडीने खडक फोडायचा. या व्यवसायाचा हिशेब झेनोफोनने इ.स.पू. ३५५ च्या सुमारास लिहिलेल्या राज्याच्या उत्पन्नावरील पुस्तिकेत दिला आहे. अथेन्सचा धनाढ्य सेनापती निकिअस याच्या मालकीचे एक हजार गुलाम खाणीत होते. ते त्याने सोसिअस नावाच्या थ्रेसच्या माणसाला भाड्याने दिले होते. भाडे माणशी रोज एक ओबोल. एका द्राख्मात सहा ओबोल. करारात आणखी एक अट होती: माणसांची संख्या कायम एक हजार राहिली पाहिजे. कमी पडतील तितके सोसिअसने भरून द्यायचे.

ही अट मला फार दिवस छळत आहे. कोणत्याही वर्णनापेक्षा ती अधिक बोलते. माणसे मरणार हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. प्रश्न एवढाच होता की तोटा कोणी सोसायचा. झेनोफोन हे सारे निषेध म्हणून नोंदवीत नाही. राज्यानेही असेच गुलाम विकत घेऊन भाड्याने द्यावेत, म्हणजे उत्पन्न वाढेल, अशी त्याची सूचना आहे!

आता ते रुप्यातील काव्य. सिराक्यूजच्या ज्या दशद्राख्मांनी आमचे सभागृह निःशब्द केले, त्यांच्या काही ठशांवर किमोन आणि युआयनेटोस या कारागिरांनी आपली नावे कोरली आहेत. कलावादी दृष्टीचा हा हुकमाचा एक्का. सही आहे म्हणजे कलावंत आहे, कलावंत आहे म्हणजे कलाकृती आहे! पण सही असलेले ठसे हे ग्रीक नाण्यांच्या अफाट पसाऱ्यात अपवाद आहेत, आणि ते बहुतांशी सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या थोड्या दशकांतले आहेत. अपवादावरून नियम काढणे ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. शिवाय या नाण्याची दुसरी बाजू पडद्यावर अगदी ओझरती आली. तिच्यावर चार घोड्यांचा रथ आहे, सारथ्याला मुकुट घालायला विजयदेवता झेपावते आहे आणि खाली, घोड्यांच्या पायांखालच्या पट्टीत, चिलखत, ढाल, शिरस्त्राण अशी शस्त्रसामग्री मांडलेली आहे. काही नाण्यांवर तेथे 'पारितोषिके' या अर्थाचा शब्दही आहे.

ही शस्त्रे कोणाची? अथेन्सने इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर स्वारी केली आणि ४१३ मध्ये तिचा संपूर्ण नाश झाला. ही शस्त्रे म्हणजे त्या विजयातील लूट, असे एके काळी मानले जाई; आज बहुतेक अभ्यासक ही नाणी त्यानंतरची, जुलमी सत्ताधीश पहिला डायोनिसिअस याच्या काळातली समजतात. त्याच्या लढाया भाडोत्री सैनिकांच्या बळावर चालत आणि त्यांना पगार चांदीत द्यावा लागे. कोणताही पक्ष घेतला तरी अरेथूझेच्या पाठीमागे युद्ध उभे आहे. ४१३ च्या पराभवानंतर किमान सात हजार युद्धकैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले, असे थ्यूसिडिडीज लिहितो. दिवसा ऊन, रात्री गारठा, प्रेतांचा ढीग आणि अत्यल्प शिधा. आणि पराभूत सैन्याचा सेनापती कोण होता? निकिअस. लॉरिओनच्या खाणीत एक हजार माणसे भाड्याने देणारा तोच निकिअस. त्याला सिराक्यूजमध्ये ठार करण्यात आले आणि त्याची माणसे खाणीत गेली. दैवाचा न्याय वगैरे भाषा मी वापरणार नाही, कारण लॉरिओनमधल्या हजार जणांना त्या न्यायाचा काडीचाही उपयोग झाला नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की या दोन नाण्यांच्या मागे दोन खाणी आहेत, आणि 'काव्य' हा शब्द त्या दोन्हींवर झाकण घालतो.

निकिअसचा पराभव करणारा स्पार्टन सेनानी गिलिप्पस याचीही एक कथा प्लुटार्कने दिली आहे. युद्धाच्या अखेरीस लिसँडरने लुटीची चांदी थैल्यांत भरून गिलिप्पसबरोबर स्पार्टाला पाठवली. गिलिप्पसने थैल्या तळाकडून उसवल्या, भरपूर चांदी काढली, पुन्हा शिवल्या आणि चोरलेली नाणी घराच्या कौलांखाली दडवली. प्रत्येक थैलीत रकमेची चिठ्ठी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. हिशेब जुळेना तेव्हा त्याचा नोकर कोड्यात बोलला: कौलांखाली पुष्कळ पिंगळे झोपले आहेत. कोडे लगेच उलगडले, कारण त्या काळी बरीचशी नाणी पिंगळ्याच्या छापाचीच होती. पिंगळा या आकृतीचे सर्वांत अचूक वाचन एका चाकराने केले, हे ध्यानात ठेवावे. त्याला ती सुंदर आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. ती कोठे आहे हे त्याला माहीत होते.

याच ओळीतला आणखी एक माणूस. १९७० साली अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात एक शिलालेख सापडला. त्यावर इ.स.पू. ३७५-७४ चा नाण्यांविषयीचा कायदा कोरलेला आहे. त्यानुसार बाजारात सराफांच्या मेजांपाशी एक अधिकृत पारखी बसे. शंकास्पद नाणे त्याच्याकडे न्यायचे. आत तांबे किंवा शिसे निघाले तर त्याने ते तेथल्या तेथे कापायचे आणि ते देवमातेला अर्पण व्हायचे. त्याने खरे ठरवलेले नाणे जो विक्रेता नाकारील, त्याचा त्या दिवशीचा माल जप्त व्हायचा. एवढा अधिकार असलेला हा पारखी सार्वजनिक मालकीचा गुलाम होता. तो जागेवर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर शिक्षा पन्नास फटके. 'पारखी' हा शब्द आपण समीक्षकाला किती सहजपणे लावतो! चुकीच्या पारखीसाठी पाठ सोलून निघण्याची भीती असलेला पारखी नाण्याकडे कसा पाहत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पारखीचा तो छेद आता आजच्या बाजारात कसा पाहिला जातो ते पाहू. इजिप्तमध्ये अस्यूत येथे १९६८-६९ च्या सुमारास सुमारे नऊशे ग्रीक रौप्यनाण्यांचा निधी सापडला. त्यांतल्या पुष्कळ नाण्यांवर छिन्नीचे खोल घाव आहेत, काही तर थेट देवतेच्या चेहऱ्यावर. नाईलच्या काठी ही नाणी चलन नव्हती, चांदीचे तुकडे होती. आत खरोखर चांदी आहे का ते पाहण्यासाठी तेथील व्यवहारी माणसाने घाव घातला. लिलावाच्या सूचिपत्रात हा घाव 'दोष' म्हणून नोंदवला जातो आणि किंमत उतरते. माझ्या मते नाण्यावर जर कोठे वाचकाचा प्रतिसाद उमटला असेल तर तो याच ठिकाणी. जुन्या पोथीच्या समासात कोणी लिहिलेली टीप सापडली तर आपण हरखून जातो. येथे मात्र ती टीप नसलेली प्रत अधिक मोलाची! बाजारात सर्वांत जास्त दाम कोणत्या नाण्याला? जे टाकसाळीतून निघाले तसेच राहिले, ज्याने कधी भाजी आणली नाही, सैनिकाचा पगार भागवला नाही, कोणाच्या हातात झिजले नाही त्याला. म्हणजे ज्याने नाण्याचे कामच केले नाही, ते सर्वश्रेष्ठ नाणे.

येथवरचा वाद अभिरुचीचा आहे असे कोणी म्हणेल. पण हानी शब्दशः आहे असे मी म्हटले, ते आता सांगतो. १९८४ साली तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सुमारे एकोणीसशे रौप्यनाण्यांचा निधी उकरला गेला. त्यात अथेन्सची अत्यंत दुर्मीळ दशद्राख्मा नाणी डझनाहून अधिक होती. निधी चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला, विकला गेला, विखुरला. तुर्कस्तानने अमेरिकेतील न्यायालयात लढा दिला आणि १९९९ मध्ये सोळाशेहून अधिक नाणी परत मिळाली. उरलेली नाहीत. पुरलेल्या निधीतले एकेक नाणे म्हणजे वाक्यातला एकेक शब्द. कोणत्या शहराचे नाणे कोणत्या शहराच्या नाण्याबरोबर, किती झिजलेले, किती संख्येने पुरले गेले, यावरून कालक्रम ठरतो, व्यापाराच्या वाटा कळतात. वाक्य मोडून शब्द सुटे विकले की उरते ते चित्र. बाजाराला चित्रच हवे असते. चित्र एकट्याने विकता येते, संदर्भ विकता येत नाही. 'श्रेष्ठ कलाकृती' ही भाषा या विक्रीची जाहिरात आहे, मग ती वापरणारा कितीही निःस्वार्थी असो.

या भाषेचा एक सूडही आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एका नामांकित शल्यचिकित्सक-संग्राहकाला सिसिलीतील प्राचीन नाणी विकू पाहताना अटक झाली. ती इटलीतून अलीकडेच चोरून आणलेली आहेत असा त्याचा समज होता, आणि तसे त्याने बोलूनही दाखवले होते. तपासणीत नाणी बनावट निघाली. आयुष्यभर नाणी पाहिलेल्या डोळ्यांना रूप अस्सल वाटले. सूक्ष्मदर्शकाखाली धातूने सत्य सांगितले. पन्नास फटक्यांच्या भीतीने बसलेल्या त्या गुलामाने नाणे कापले असते आणि काम संपवले असते.

आता आक्षेप. पहिला असा की संग्राहकांनी नाणी जपली नसती तर ती वितळली असती; ठशांचा अभ्यासही संग्रहांतील नाण्यांवरच उभा आहे. हे मला मान्य आहे. वस्तुसंग्रहालयांचे जुने संग्रह मुख्यतः हौशी माणसांकडून आले आणि त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अस्यूतचा निधी विखुरल्यावरही अभ्यासकांनी नाण्यांचा माग काढून १९७५ मध्ये त्याचे पुस्तक सिद्ध केले, ते जिद्दीचे काम आहे. पण मोडलेले हाड सांधता येते म्हणून हाड मोडणे योग्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग सौंदर्य खोटे का? किमोनच्या हाताला दाद द्यायची नाही का? अवश्य द्यावी. आरशासारखा उलटा विचार करून, कठीण धातूच्या ठशात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत केसांची लाट कोरणारा हात असामान्य आहे. त्याला मी नमस्कार करतो. माझे भांडण सौंदर्याशी नाही, सौंदर्य हेच अंतिम उत्तर मानण्याशी आहे. किमोनचे नाव आपल्याला माहीत आहे, निकिअसचे माहीत आहे, सोसिअसचेही आहे. हजारांपैकी एकाचेही नाव या हिशेबात नाही. सौंदर्याची दाद ही ज्यांची नावे उरली त्यांच्यातच वाटली जाते, म्हणून ती पुरेशी नाही.

ही सारी परक्यांची कथा आहे, असेही कोणी म्हणू नये. ग्रीक 'द्राख्मे'चा संस्कृतात 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आहेत, आणि त्याचाच आपला 'दाम' झाला. दामदुपटीच्या हिशेबात अथेन्सचा शब्द बसला आहे. शब्दच काय, नाणेही येथवर आले. भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी चालत असल्याचे पहिल्या शतकातील सागरी व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत नोंदलेले आहे. त्याच परंपरेतली क्षहरात क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी: राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे या नाण्यांचा तेरा हजारांहून अधिक संख्येचा निधी सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा डोंगर उमटला आहे, आणि खाली ग्रीक अक्षरे अजून अर्धवट दिसतात.

कलेच्या दृष्टीने ही नाणी विद्रूप आहेत. दोन्ही चित्रे बिघडलेली. पण क्षहरातांचा निःपात झाला हे गौतमी बलश्रीच्या नाशिकच्या शिलालेखात जे अभिमानाने कोरले आहे, त्याला या विद्रूप नाण्यांनी साक्ष दिली. ती साक्ष एका नाण्याची नव्हे. हजारो नाणी एका ठिकाणी सापडली आणि मोजली गेली, त्या मोजण्याची आहे. यांतले एकच नाणे, सर्वांत देखणे, उचलून पडद्यावर पुरुषभर मोठे केले असते तर ही साक्ष आपण ऐकलीच नसती.

शेवटी त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी मी सभागृहात गप्प बसलो होतो. वर्गात कविता तिच्या भोवतालापासून कापून फळ्यावर टांगण्याची सवय मलाही आहे, म्हणून कदाचित तो प्रश्न मलाही त्या क्षणी अस्थानी वाटला. उशिरा का होईना, उत्तर देतो. उत्तर उपलब्ध आहे. अथेन्समध्ये एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत, इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळातले. कुशल कारागिराची मजुरी रोज एक द्राख्मा. नागरिक, परका रहिवासी, गुलाम, सर्वांना दर सारखाच, गुलामाची मजुरी बहुधा मालकाच्या हाती. म्हणजे पिंगळ्याचे एक नाणे ही त्या मंदिरावरच्या पाथरवटाची चार दिवसांची मजुरी, आणि पडद्यावरचे ते दशद्राख्मा, वजनाचे प्रमाण तेच असल्याने, दहा दिवसांची.

पण याचेच दुसरेही एक माप आहे. चार द्राख्मा म्हणजे चोवीस ओबोल. निकिअसला माणशी रोज एक ओबोल मिळत होता. तेव्हा लॉरिओनच्या बोगद्यात रांगणाऱ्या माणसाचे चोवीस दिवस भरले, की त्याच्या मालकाच्या हातात एक पिंगळा पडत असे. त्या माणसाच्या हातात काही पडत नसे. आणि तो चोविसाव्या दिवसापर्यंत टिकला नाही, तर उरलेले दिवस दुसऱ्याने भरायचे, हे करारात लिहिलेलेच होते.